जर-तरची कैफियत

'इतिहासात जर-तरला स्थान नाही' हे वाक्य आपल्याकडे इतक्या अधिकाराने आणि इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याचा आधार काय याची चौकशी करण्याची गरजही आता कोणाला वाटेनाशी झाली आहे. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, असा प्रश्न चार वाचनप्रिय माणसांच्या बैठकीत निघतो आणि त्या निमित्ताने पर्यायी इतिहास कल्पून लिहिलेल्या एखाद्या कथेवर वा कादंबरीवर मतांची देवघेव सुरू होते. तोच कोणी तरी जाणता गृहस्थ हे वाक्य फर्मानासारखे पुढे करतो आणि चर्चा तहकूब होते. त्याच बैठकीत बहुधा वयाने तरुण असा दुसराही एक वाचक असतो. त्याला अशा कादंबऱ्या मनापासून आवडतात, मग त्यांत ड्रॅगनवर आरूढ झालेले सेनापती असोत की जर्मनीने जिंकलेले महायुद्ध असो. परंतु हे सारे कल्पितच असल्यामुळे त्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, ज्याला रुचेल त्याने वाचावे व न रुचेल त्याने बाजूस ठेवावे, असे त्याचे मत असते. एकाच्या लेखी हा विषय चर्चेस अपात्र, कारण तो खरा नाही; दुसऱ्याच्या लेखी तो चर्चेच्या पलीकडचा, कारण आपण खरे असल्याचा दावाच तो करीत नाही. दोघांचे रोख परस्परविरुद्ध असले तरी दोघांचा फैसला एकच, तो असा की वाचकाने गप्प बसावे. या फैसल्याविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी येथे तपशिलाने मांडणार आहे.

प्रथम जाणत्या गृहस्थांचा विचार करू. ज्या इतिहासाच्या नावाने ते जर-तरला हद्दपार करतात, तो इतिहास लिहिणाऱ्यांनी स्वतः काय केले आहे? इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी पानिपतच्या अपयशाची कारणे शोधली आणि पैसा व रसद पोचविण्याच्या कामी कुचराई केल्याचा ठपका गोविंदपंत बुंदेल्यांवर ठेवला. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्याच मोहिमेची नव्याने छाननी केली. या दोन थोर संशोधकांच्या निष्कर्षांत कोणाचे किती ग्राह्य, हा आजचा विषय नव्हे. मला एवढेच विचारावयाचे आहे की, गोविंदपंतांना दोष देणारा मनुष्य मनात नेमके काय धरून दोष देत असतो? गोविंदपंतांनी आपले काम चोख बजावले असते, तर १४ जानेवारी १७६१ या दिवशी मराठी फौज उपाशी पोटी रणात उतरली नसती, हेच ना? तसे तो धरत नसेल तर त्याच्या दोषारोपाला विषयच उरत नाही. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफने असा अभिप्राय दिला की, थेऊर येथे सत्ताविसाव्या वर्षी झालेला माधवराव पेशव्यांचा अंत मराठी राज्याला पानिपतपेक्षा कमी घातक ठरला नाही. माधवराव जगते तर राज्याची गत निराळी झाली असती, असे मनात कल्पिल्यावाचून हा अभिप्राय देताच येत नाही. ज्याने ज्याने म्हणून इतिहासात एखादी गोष्ट 'कारण' म्हणून दाखविली, त्याने ती गोष्ट वजा करून उरलेले जग मनाशी पाहिलेले असते. फरक इतकाच की, इतिहासकार ती वजाबाकी मनातल्या मनात करतो आणि कादंबरीकार ती चव्हाट्यावर मांडतो.

ई. एच. कार या इंग्रज इतिहासज्ञाने १९६१ सालच्या केंब्रिजच्या व्याख्यानांत जर-तरची गणना फावल्या वेळच्या बैठ्या खेळात केली, आणि आपल्याकडील पुष्कळ विद्वान त्याच्याच साक्षीवर विसंबून असतात. परंतु त्याच व्याख्यानमालेत कारने दिलेला दृष्टांत पाहावा. रॉबिन्सन नावाचा एक मनुष्य रात्री सिगारेट आणावयास रस्ता ओलांडत असताना मोटारीखाली सापडून मरतो. चालक मद्य पिऊन आलेला, मोटारीचे ब्रेक नादुरुस्त, आणि वळण आंधळे. मद्य, ब्रेक आणि वळण ही खरी कारणे होत, सिगारेटची तलफ हे कारण नव्हे, असा कारचा निर्णय आहे, कारण पहिल्या तिहींपासून इतरत्र उपयोगी पडेल असा बोध घेता येतो. निर्णय मला मान्य आहे. पण ब्रेक दुरुस्त असते तर पुढचे अपघात टळले असते, हे मनाशी ठरविल्यावाचून तो बोध निघाला कोठून? कारने दरवाजातून हाकललेला जर-तर त्याच्याच घरात माजघरापर्यंत येऊन बसलेला आहे. अर्थशास्त्रात तर ही गोष्ट उघडपणे मान्य झाली. रॉबर्ट फोगेल याने अमेरिकेत रेल्वे झालीच नसती तर १८९० साली त्या देशाची संपत्ती कितीने कमी भरली असती, याचा हिशेब १९६४ साली ग्रंथरूपाने मांडला. रेल्वेवाचून अमेरिकेची भरभराट अशक्य होती हा सर्वमान्य समज त्या हिशेबापुढे टिकला नाही, आणि १९९३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या प्रश्नाला एवढी प्रतिष्ठा लाभली, तोच प्रश्न कादंबरी वाचून उठलेल्या वाचकाने विचारला की तो पोरखेळ ठरावा, हा न्याय मला मान्य नाही.

आता दुसऱ्या वाचकाकडे वळतो, आणि त्याच्याशी मला अधिक आस्थेने बोलावयाचे आहे, कारण या वाङ्मयावर त्याचे प्रेम आहे. त्याचा समज असा की, कल्पिताला नियम नसतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. वास्तववादी कादंबरीत एखादा प्रसंग अकारण घडला तर 'आयुष्यात असेही घडते' असे म्हणून लेखक सुटू शकतो, कारण जगाची साक्ष त्याच्या बाजूने उभी असते. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याला ती सवलत नाही. त्याने जगातील एक गोष्ट हेतुपुरस्सर बदललेली असते. त्या क्षणापासून पुढच्या प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च त्याच्या अंगावर पडतो, आणि तो तपासण्याचा अधिकार वाचकाकडे जातो. वाचकाने हा अधिकार वापरल्यावर काय निष्पन्न होते, ते मी एका कथेवरून दाखवितो.

हॅरी टर्टलडव्ह या अमेरिकन लेखकाची 'द लास्ट आर्टिकल' ही कथा १९८८ साली प्रसिद्ध झाली. जर्मनीने इंग्लंडला नमवून हिंदुस्थान घेतला आहे, दिल्लीत फील्डमार्शल मॉडेल राज्य करीत आहे, आणि गांधीजी इंग्रजांविरुद्ध वापरलेले शस्त्रच त्याच्याविरुद्ध उपसतात, अशी तिची कल्पना. मॉडेलच्या ठायी इंग्रजांचा संकोच नाही. तो निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडतो, सत्याग्रह मोडून पडतो, आणि अखेर गांधी व नेहरू दोघांनाही ठार करण्यात येते. ही कल्पना हवेतून आलेली नाही. जर्मनीतील ज्यूंनी सत्याग्रहाचा मार्ग धरावा असे गांधीजींनी १९३८ च्या नोव्हेंबरात 'हरिजन'मध्ये लिहिले होते, आणि मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने पुढल्या वर्षी त्यांना खुले पत्र लिहून त्या सल्ल्यावर कठोर आक्षेप घेतला होता. बूबरचा आक्षेप टर्टलडव्हने कथेच्या रूपाने हिंदुस्थानच्या भूमीवर आणून उभा केला आहे.

'कल्पितच आहे' असे म्हणून ही कथा मिटून ठेवणारा मराठी वाचक एका गंभीर वादातील आपली जागा सोडून निघून जातो. कारण या कथेला त्याच्यापाशी असलेले उत्तर पाश्चात्त्य वाचकापाशी सहसा नसते. गांधीजींचे शस्त्र केवळ प्रतिपक्षाच्या सदसद्विवेकबुद्धीला हात घालणारे आहे, असे कथालेखक धरून चालतो. असहकाराचे वर्म मात्र त्याहून निराळ्या ठिकाणी आहे. आपण इंग्रजांना ठेवून घेतले म्हणून इंग्रज येथे राहिले, हा 'हिंद स्वराज्य'मधील १९०९ सालचा विचार राज्ययंत्राविषयीचा विचार आहे. कुलकर्ण्याने दप्तर लिहिले, पाटलाने सारा गोळा केला, मामलेदाराने तो खजिन्यात भरला, हिंदी शिपायाने बंदूक खांद्यावर घेतली आणि हिंदी कारकुनाने टपाल वाटले, म्हणून हजारभर सनदी अधिकाऱ्यांना हा खंडप्राय देश चालविता आला. मॉडेलने कितीही माणसे मारली तरी चाळीस कोटींच्या मुलखाची जमाबंदी त्याने कोणाकडून करवून घेतली असती? आगगाड्या कोणी चालविल्या असत्या? हा प्रश्न कथेने पुरेसा विचारलेला नाही, आणि तिचे खरे व्यंग मला येथे दिसते. नॉर्वे जर्मनांच्या टाचेखाली असताना, १९४२ साली तेथील बहुसंख्य शिक्षकांनी जर्मनधार्जिण्या क्विस्लिंगच्या सरकारी संघटनेत सामील होण्यास नकार दिला. हजारावर शिक्षकांना अटक झाली, शेकडोंना दूर उत्तरेकडील किर्केनेसला सक्तमजुरीला धाडले गेले, आणि तरीही ती योजना क्विस्लिंगला सोडून द्यावी लागली.

यावर दुसरा वाचक उठून म्हणेल की, नॉर्वेजियनांना जर्मन आपल्या वंशाचे मानीत असत, दाखला द्यावयाचा तर पोलंडचा द्यावा, जेथे लोकांचे सहकार्य मिळविण्यापेक्षा लोकच नाहीसे करणे त्यांना अधिक सोयीचे वाटले. हा युक्तिवाद भक्कम आहे, आणि माझ्या आक्षेपाची धार त्याने बोथट होते हे मी मानतो. तरीही गांधींचा मृत्यू या कथेने मला पटविला, चळवळीचा पराभव पटविला नाही, हे माझे मत कायम आहे. परंतु पाहावे की, एका छोट्या कथेच्या निमित्ताने दोन सामान्य वाचकांनी असहकाराचे मर्म, वसाहतीच्या राज्यकारभाराचे आर्थिक अधिष्ठान आणि वंशवादी सत्तेचे वेगळेपण, इतक्या गोष्टींची झाडाझडती घेतली. 'आवडली' किंवा 'आवडली नाही' एवढ्यावर ते थांबले असते, तर यांतले काहीही झाले नसते.

आपल्याकडील उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात की, जेथे गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदते आहे आणि देशात लोकशाही आली असूनही दिल्लीचा नामधारी बादशहा टिकून आहे. या कथेवर जर-तरचा आक्षेप आणणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नसावी, कारण इतिहासाला फाटा नेमका कोठे फुटतो, याचाच शोध ती घेते. तिची परीक्षा वाचकाने कशी करावी? नोव्हेंबरपासून छावणी कोंडलेली, डिसेंबरात गोविंदपंत मारले गेलेले, माणसे व जनावरे अन्नावाचून खंगलेली, बरोबर बिनलढाऊंचा मोठा लोंढा. अशा स्थितीत एका गोळीने निकाल फिरला असता काय? माझ्या मते फिरू शकला असता, कारण इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची फळी विस्कळीत केली होती, आणि भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला असे वृत्तांत आहेत. तो धीर विश्वासरावांच्या जिवाशी बांधलेला होता, म्हणून नारळीकरांनी बोट ठेवले ते ठिकाण अचूक आहे. पुढचा भाग मात्र मला घाईचा वाटतो. विजयी पेशवाईने विज्ञानाची केंद्रे उभारली आणि कालांतराने लोकनियुक्त सत्तेला वाट करून दिली, असे कथा सांगते. पण कर्जात बुडालेला पेशव्यांचा खजिना, सरंजामदारांच्या आपसातील तेढी आणि वर्णांची उतरंड या गोष्टी एका विजयाने कशा निवळल्या असत्या, याची कैफियत तिच्यात नाही. लहान कथेकडून ती अपेक्षू नये, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, मग त्या विषयावर मोठी कादंबरी लिहिणाऱ्याने ती द्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पानिपत जिंकल्याची कल्पना आपल्यापैकी अनेकांना गोड लागते, ती कार्यकारणभावाच्या जिज्ञासेमुळे नव्हे. हरलेली लढाई कागदावर तरी जिंकावी या ओढीमुळे. आपला पक्ष जेथे निरपवाद विजयी होतो आणि त्या विजयाची किंमत जेथे कोणालाच मोजावी लागत नाही, असा पर्यायी इतिहास हा इतिहासही नव्हे आणि कादंबरीही नव्हे. ती भाटगिरी होय. तिच्यापासून वाङ्मयाला वाचविणारी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे जाब विचारणारा वाचक.

अद्भुत कादंबरीला हा न्याय लागू नाही असे मानणाऱ्यांसाठी दोन दाखले देतो. टोल्किनच्या 'द हॉबिट' या १९३७ सालच्या पुस्तकात गोलम हा प्राणी कोड्यांच्या पैजेत हरल्यावर आपली अंगठी कथानायक बिल्बोला देऊन टाकण्यास राजी असतो. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना ती अंगठी कोणालाही स्वखुशीने सोडवणार नाही अशी ठरली, तेव्हा जुना प्रसंग नव्या नियमाशी विसंगत झाला. टोल्किनने काय करावे? १९५१ च्या आवृत्तीत त्याने तो प्रसंग पुन्हा लिहिला आणि जुना पाठ हे बिल्बोने सांगितलेले असत्य होते असे नव्या कथेत सामावून घेतले. ज्या अंगठीचे अस्तित्वच नाही, तिच्या नियमासाठी छापलेले प्रकरण बदलणारा हा लेखक वाचकांच्या शंकांना लांबलचक पत्रोत्तरेही लिहीत असे. गरुडांनी ती अंगठी अग्निपर्वतापर्यंत का वाहून नेली नाही, हा वाचकांचा प्रश्न आजही मिटलेला नाही, आणि तो मिटू नये असेच मला वाटते.

दुसरा दाखला नाओमी नोविक हिच्या 'टेमेरेअर' मालेचा. २००६ पासून प्रसिद्ध झालेल्या या कादंबऱ्यांत नेपोलियनच्या काळच्या युद्धात दोन्ही पक्षांपाशी ड्रॅगनांची हवाई दले आहेत. ड्रॅगन जर मानवाबरोबर सनातन काळापासून होते, तर युरोपचा इतिहास नेपोलियनपर्यंत जसाच्या तसा कसा आला, हा आक्षेप कोणाही चाणाक्ष वाचकाला सुचेल. पुढच्या खंडांत लेखिका आफ्रिकेत ड्रॅगनांच्या बळावर गुलामांच्या व्यापारावर उलटलेले राज्य आणि पेरूत स्पॅनिशांना पुरून उरलेले इंका साम्राज्य दाखविते, तेव्हा त्या आक्षेपाच्या अर्ध्या भागाला उत्तर मिळते. इतके सारे बदलूनही नेल्सन आणि नेपोलियन मात्र तेच कसे जन्मले, हा उरलेला अर्धा तसाच राहतो. किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या २००२ सालच्या कादंबरीत महामारीने युरोप जवळजवळ निर्मनुष्य होतो आणि तरीही समरकंदात विज्ञान बव्हंशी युरोपच्याच वाटेने जाते, तेथेही मला हीच शंका आली.

हे सर्व पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले निकष आहेत, असे कोणी समजू नये. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात हाच प्रश्न सोडविला आहे. केवळ मनुष्य असलेल्या राजाने सात समुद्र ओलांडल्याचे वर्णन अनुचित, देवाच्या बाबतीत तेच उचित. आणि इतिहासातून घेतलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असा भाग आला तर कवीने तो टाकून दुसरा कल्पावा, असे तो सांगतो. म्हणजे बदलण्याची मुभा त्याने दिली आणि तिच्यावर औचित्याचा पहाराही बसविला. भासाच्या नावावर असलेले 'पञ्चरात्र' हे नाटक या मुभेचा लखलखीत नमुना आहे. त्यात द्रोणाचार्य गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतात, पाच रात्रींत पांडवांचा ठाव लागला तर ते देण्याची अट पडते, ठाव लागतो, आणि दुर्योधन दिलेला शब्द पाळतो. भारतीय युद्ध होतच नाही. महाभारत मुखोद्गत असलेल्या प्रेक्षकांपुढे हे मांडताना दुर्योधन असे करील हे नाटककाराला पटवून द्यावे लागले, म्हणून त्याने त्याला पहिल्या अंकापासून यज्ञ करणारा, गुरूचा मान राखणारा असा रंगविला. तो प्रेक्षक 'कल्पितच आहे' म्हणून स्वस्थ बसणारा नव्हता.

वाचकांस माझी विनंती आहे. अशा पुस्तकावर मत देताना ते आवडले की नाही हे अवश्य सांगा. पण त्याबरोबर लेखकाने कोणती गोष्ट बदलली, तिच्यातून काय निघावयास हवे होते आणि त्याने काय काढले, हे चार ओळींत लिहा, आणि तुमच्या त्या चार ओळींवर दुसऱ्या वाचकाने हरकत घेतली तर तिचे स्वागत करा. मराठीत पानिपतावर, पेशवाईवर, गोव्याच्या पोर्तुगीज अमलावर असे ग्रंथ लिहिले जावेत अशी माझी फार इच्छा आहे. ते लिहिणाऱ्याला स्तुतिपाठक पुष्कळ मिळतील. तुम्ही त्याला हरकती पाठवा.